घोषणाबाई गप्प बसल्या तेव्हा

बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून घोषणाबाईंनी अकरा वर्षं रोज शे-सव्वाशे गाड्या वेळेवर फलाटाबाहेर काढल्या. घरातली दोन मुलं मात्र त्यांना वेळेवर अंथरुणात घालता येत नव्हती. स्थानकात ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती, कारण ती सांगताना बाई तिचं रूपच पालटून टाकत. "काय करणार, माझ्याशिवाय मुलं झोपतच नाहीत," असं म्हणून त्या जो सुस्कारा सोडत, तो ऐकून शेजारच्या तिकीट खिडकीवरच्या बाईचे डोळे पाणवत.

घोषणाबाई हे नाव वाहकांनी ठेवलेलं. आवाज खणखणीत, शब्द न् शब्द सुटा. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं," एवढं त्या म्हणाल्या की ज्याचं लक्ष नव्हतं तो माणूस उगाचच ओशाळून उभा राही. संध्याकाळी सहाला ड्यूटी संपली की चष्मा, डबा आणि छत्री पिशवीत भरून त्या निघत. आवाज तेवढा स्थानकातच ठेवून आल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तोही सोबत घरी यायचा.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. नवरा बेकरीत भट्टीवर. त्याला पहाटे तीनला हजर व्हावं लागे, म्हणून तो साडेसातलाच बाहेरच्या खोलीत आडवा होई. घरात वेळेवर, कुरकूर न करता, दात घासून झोपणारं एकच माणूस होतं आणि ते एकोणचाळीस वर्षांचं होतं. उरलेली दोन म्हणजे सहा वर्षांची थोरली आणि चार वर्षांचा धाकटा.

निजण्याचा सोहळा सव्वासातला सुरू होई. "चला, खेळणी उचला! उचलली का? अजून नाही? राहू द्या, मीच उचलते." हे झालं की "दात! दात घासायला चला! आ कर. मोठा आ. अरे, याला आ म्हणतात का?" असं म्हणत बाई एका हाताने धाकट्याचा जबडा धरत आणि दुसऱ्या हाताने त्यात ब्रश फिरवत. धाकटा तेवढ्या वेळात समोरच्या भिंतीवरच्या फरशा मोजी. मग कपडे. थोरली दोन्ही हात वर करून खांबासारखी उभी राही. एक झगा आई काढी, दुसरा आई घाली. धाकटा तर पलंगावर उताणा पडून पायच वर धरी, म्हणजे पायजमा चढवणाऱ्याची गैरसोय नको. मग लघवी, मग पाणी, मग गोष्ट, मग दुसरी गोष्ट, मग पुन्हा पहिलीच गोष्ट, कारण तिच्यातला कोल्हा आज चुकीच्या आवाजात बोलला होता. मग दुसरं पाणी. मग त्या पाण्याची लघवी. शेवटी दोघांच्या मधोमध बाई आडव्या होत, एक हात थोरलीच्या केसांत, दुसरा धाकट्याच्या पोटावर. दोघांचे श्वास जड झाले की स्वतःचा एकेक अवयव चोरासारखा सोडवून घेत. नेमका तेव्हाच पलंग करकरे.

"कुठे चाललीस?" धाकटा विचारी.

की मग पुन्हा आडव्या.

नऊ वाजून जात. जेवण गार झालेलं असे. ते उभ्याउभ्या पोटात ढकलताना बाईंना आतून फार बरं वाटे. आपल्यावाचून या घरातलं पानसुद्धा हलत नाही! ते हलू नये याची व्यवस्था त्या स्वतःच डोळ्यांत तेल घालून करत होत्या, हे त्यांच्या ध्यानात यायला अजून अवकाश होता.

धाकटी नणंद बालवाडीत शिकवायची. महिन्यातून एकदा ती भावाकडे येई आणि चहाबरोबर वहिनीला बालसंगोपनाचे दोन घोट पाजून जाई.

"वहिनी, मुलांना स्वावलंबी करायला हवं गं. त्यांचं त्यांना करू दे."

"देते की करू! मी काय त्यांचे हात बांधून ठेवलेत?"

"आत्ता तूच त्याला बिस्कीट भरवलंस."

बाईंनी हातातल्या उरलेल्या अर्ध्या बिस्किटाकडे पाहिलं. "सांडतो तो," त्या म्हणाल्या आणि उरलेलं अर्धंही धाकट्याच्या तोंडात घातलं.

नणंदेने एक तक्ता करून आणला होता. त्यावर चौकोन, आणि चौकोनात चिकटवायला चंदेरी चांदण्यांचं पाकीट. दात घासले की एक चांदणी, कपडे बदलले की एक चांदणी. तीन दिवस तक्ता झकास चालला. म्हणजे दात बाई घासून देत, कपडे बाई बदलून देत आणि चांदण्या तेवढ्या मुलं चिकटवत. चौथ्या दिवशी थोरलीने सौदा मांडला, "दोन चांदण्या दिल्यास तर दोनदा आ करीन." पाचव्या दिवशी धाकट्याने अख्खं पाकीट झोपलेल्या बाबांच्या कपाळावर आणि टकलावर रिकामं केलं. बाबा पहाटे अंधारात तसेच कामावर गेले. भट्टीवरच्या मंडळींनी पुढचा आठवडाभर त्यांना "तारांगण" अशी हाक मारली. तक्ता कपाटामागे गेला. आपलं म्हणणं खरं ठरल्याच्या आनंदात बाईंनी त्या संध्याकाळी तीनऐवजी चार गोष्टी सांगितल्या.

आणि मग एका मंगळवारी, पावणेपाचच्या गाडीची घोषणा करताना, "फलाट क्रमांक" इथपर्यंत आवाज आला आणि पुढे नुसताच फुसका वारा. लोकांना वाटलं, माइक बिघडला. नियंत्रकसाहेबांनी धावत येऊन माइकवर तीन टिचक्या मारल्या. माइक ठणठणीत होता.

घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घालून आत डोकावलं आणि मान हलवली. "स्वरतंतूंवर दोन्ही बाजूंनी गाठी आल्यात. घाबरण्यासारखं नाही. पण तीन आठवडे तोंडातून शब्द काढायचा नाही."

बाईंनी ओठांजवळ हात नेऊन खुणेने विचारलं, हळूच? कुजबुजत?

"कुजबूज तर मुळीच नको. त्याने उलट जास्त ताण पडतो. कामावर किती तास बोलता?"

बाईंनी आठ बोटं दाखवली.

"आणि घरी?"

सोबत आलेल्या नवऱ्याने तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. "चारचौघींसारखंच, डॉक्टर," तो म्हणाला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, तो काही कालचा नव्हता.

पहिल्या संध्याकाळी बाईंनी जुन्या वेळापत्रकांचे पाठकोरे कागद घेतले, लाल मार्कर घेतला आणि ठळक अक्षरांत लिहिलं: दात घासा. थोरली नुकतीच वाचायला शिकत होती. तिने बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं. "दा... त... घा... सा. दात घासा! आई, मला वाचता आलं! आणखी लिही!"

बाईंनी लिहिलं: आधी दात.

"आ... धी... दात! आणखी!"

सात चिठ्ठ्या वाचून झाल्या, एकही दात घासून झाला नाही. धाकट्याने तोवर भोकाड पसरलं होतं, कारण ताईला सात चिठ्ठ्या आणि त्याला एकही नाही. बाईंनी घाईघाईने त्याच्यासाठी ब्रशचं चित्र काढलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "काकडी." बाईंनी टाळ्या वाजवल्या, त्यानेही वाजवल्या. बाईंनी पाय आपटला. त्याने दोन्ही आपटले. शेवटी कागद भिरकावून त्यांनी त्याला उचललं आणि जुन्या पद्धतीने जबडा धरला. पण आवाजाशिवाय तोच हात त्याला परका वाटला असावा. तो एकदम गप्प झाला.

"आई, तू रागावलीस?"

बाईंनी मान हलवली, नाही.

"मग बोल ना."

त्याचा ओठ थरथरायला लागला तसं बाईंना राहवलं नाही. "नाही रे राजा, रागावले नाही," त्या कुजबुजल्या.

"डॉक्टरकाकांनी नाही म्हणून सांगितलंय!" थोरली मोरीतून ओरडली.

एकदा जीभ सुटल्यावर काय राहिलं? आठवड्याच्या आत सगळा कार्यक्रम, खेळण्यांपासून ते लघवीपर्यंत, बाई कुजबुजत पार पाडू लागल्या. तपासणीच्या दिवशी नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून सोबतीला थोरली गेली.

"तुम्ही कुजबुजताय," नळी बाहेर काढत डॉक्टर म्हणाले.

बाईंनी छे, छे अशी मान हलवली.

"कुजबुजते," थोरली म्हणाली. "रोज. खूप. कोल्हासुद्धा करते."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "हे बघा, आजपासून तीन आठवडे पुन्हा पहिल्यापासून. ऐकलं नाहीत तर शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर माइकसमोर बसण्यासारखा आवाज राहील की नाही, हे मी सांगू शकत नाही."

त्या आवाजाखेरीज त्यांना दुसरं येत तरी काय होतं? त्या संध्याकाळी सव्वासात वाजता मोरी आणि झोपायची खोली यांच्या मधल्या बोळकंड्यात त्यांनी एक बुटकं स्टूल ठेवलं. त्यावर बसून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, कारण बोलायला नाही तरी लिहायला आणि ओढायला ते शिवशिवत होते. आज मुलं झोपली तर झोपली, नाही तर बसतील उजाडेपर्यंत, असा त्यांनी मनाशी निश्चय केला. निश्चय करताना डोळ्यांत पाणी होतं हा भाग वेगळा.

मुलं समोर येऊन उभी राहिली. वाट पाहू लागली. काहीच घडेना.

"आई, दात?" थोरलीने विचारलं.

बाईंनी खांदे उडवले. थोरलीने एकदा आईकडे, एकदा मोरीकडे पाहिलं, आणि गेली आत.

"माझे कोण घासणार?" धाकटा म्हणाला.

"मी घासते, ये," आतून आवाज आला.

"नको. तू टोचतेस."

बराच वेळ तो तिथेच उभा राहिला, एखादी गाडी चालकाची वाट पाहत उभी असते तसा. मग तोही गेला. उघड्या दारातून बाईंना सगळं दिसत होतं, आणि दिसत नसतं तर बरं झालं असतं असंही वाटत होतं. त्याने टूथपेस्टची नळी दोन्ही मुठींनी आवळली. त्यातून जी लांबलचक अळी निघाली, तिच्यातली थोडी ब्रशवर बसली, थोडी बेसिनमध्ये गेली आणि राहिलेली आरशाला लागली. त्याने पुढचे दोन दात घासले. फक्त पुढचे दोन, पण असे घासले की जणू बाकीचे अजून आलेच नव्हते. मागचे! अरे, दाढा! बाईंच्या डोक्यात घोषणा घुमत होती. फलाट क्रमांक सहा ते दहावरच्या दाढांनी कृपया लक्ष द्यावं! त्यांनी जीभ टाळूला चिकटवून ठेवली. बहिणीने सांगितलं म्हणून त्याने मागे दोन-चार हात फिरवले आणि चूळ भरून ती नेम धरल्यासारखी स्वतःच्या पायांवर थुंकली.

मग सदरा. पाच बटणं. त्याने खालून सुरुवात केली. पहिलं बटण दुसऱ्या काजात गेलं आणि मग सगळी वस्ती एक घर वर सरकली. एकेक बटण लावताना त्याची जीभ बाहेर येत होती, श्वास थांबत होता. भिंतीवरच्या घड्याळात चौदा मिनिटं गेली. चौदा मिनिटांत बाईंनी स्थानकातून तीन गाड्या काढल्या असत्या. शेवटी एका कानाजवळ कॉलर, खाली लोंबणारं एक टोक, असा तो छाती काढून समोर आला.

"बघ."

बाईंचे हात मांड्यांखालून आपोआप निघाले आणि वरच्या बटणाकडे गेले. धाकटा दोन पावलं मागे सरला.

"हात नको लावू. मी केलंय."

हात हवेतच राहिले. मग बाईंनी ते गुपचूप होते तिथे नेऊन ठेवले. थोड्या वेळाने त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि थोरलीने ती वाचून दाखवली: "तुला आधीपासून येत होतं?"

"हो. शाळेत मी एकटाच घालतो. एप्रन."

दुसरी चिठ्ठी: "मग घरी का नाही?"

धाकटा गोंधळला. इतकं साधं आईला कळू नये? "तू करत होतीस ना," तो म्हणाला. दुसऱ्याच्या कामात लुडबूड करू नये, एवढी जाण त्याला चौथ्या वर्षीच होती. ती त्याने कुणाकडून उचलली, हा प्रश्नच होता. आईकडून नक्कीच नाही.

पुढचे दिवस सरळ गेले असं मुळीच नाही. मुलांनी सोहळ्याचा क्रमच उलटापालटा केला. धाकट्याने रात्रीचे कपडे जेवणाआधीच चढवून टाकले, म्हणजे नंतर कटकट नको. त्या कपड्यांवर वरण सांडलं आणि तो तसाच पिवळा होऊन झोपला. तीन दिवस त्याने टेबलाखाली बसून दात घासले. का, ते त्यालाच माहीत. थोरलीने गोष्ट वाचायचं काम अंगावर घेतलं. एक पान वाचायला तिला पंधरा मिनिटं लागत, आणि कोल्हा विहिरीपाशी पोचायच्या आत दोघांनाही जांभया येत. कोल्ह्याचा आवाज आता थेट थोरलीचाच होता. धाकट्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, हे बाईंच्या जिव्हारी लागलं. सहा वर्षं त्या कोल्ह्यासाठी त्यांनी घसा फोडला होता.

दुसऱ्या पाण्याचा प्रश्न धाकट्याने शाळेची बाटली उशाशी घेऊन सोडवला. पहिल्याच रात्री झाकण सैल राहिलं. गादी ओली झाली ती नेमकी कशाने, यावर सकाळी बहीण-भावांत कडाक्याचं भांडण झालं, आणि पुराव्याअभावी ते मिटलं नाही.

राहता राहिला दिवा. सगळं आटोपून बाई दाराशी येत, बटण दाबत, आणि पाठ फिरते न फिरते तोच धाकटा किंचाळत बाहेर येई. रोज चार वेळा, पाच वेळा. रविवारी नवऱ्याची साप्ताहिक सुट्टी, दुपारभर झोप काढलेली, म्हणून त्या संध्याकाळी तो जागा होता. हा तमाशा त्याने बहुधा पहिल्यांदाच पाहिला. तिसऱ्या वेळी त्याने मुलाला मांडीवर घेतलं.

"काय रे, सारखा का उठतोस? अंधाराची भीती वाटते?"

"नाही."

"मग?"

"अंधार कधी होणार ते मला कळतच नाही. आई एकदम करते."

नवऱ्याने टकलावरून हात फिरवला आणि दाराशेजारच्या बटणापासून दिव्यापर्यंत गेलेली वायर नजरेने मोजली. एरवी पिठाच्या पोत्यापेक्षा जास्त न बोलणारा माणूस. दुसऱ्या दिवशी भट्टीवरून येताना त्याने दोरी ओढायचं बटण आणलं, वायर फिरवून ते पलंगाच्या डोक्याशी बसवलं आणि दोरीचं टोक धाकट्याच्या हातात दिलं. "घे. तुला हवा तेव्हा कर अंधार."

त्या रात्री दिवा इतक्या वेळा लागला आणि विझला की समोरच्या इमारतीतल्या म्हाताऱ्या शिंप्याने सकाळी काळजीने विचारलं, "काही अडचण होती का हो? खुणा करत होता का?" दोरी कुणी ओढायची यावरून थोरलीने धाकट्याचे केस ओढले. मग एक दिवस तिचा, एक दिवस त्याचा, असं ठरलं. आणि गुरुवारी पावणेआठला बोळकंड्यातल्या स्टुलावरून बाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकलं, "ताई, चल ना लवकर, झोपू या. आज माझा नंबर आहे."

बाई उठून आत गेल्या, पूर्वीसारख्या दोघांच्या मधे आडव्या व्हायला. मधे बाटली होती, पुस्तक होतं, कापडी हत्ती होता.

"आई, आज जागा नाही गं," थोरली म्हणाली. खट्, दोरी ओढली गेली. अंधारात बाई क्षणभर उभ्या राहिल्या आणि मग दाराची चौकट चाचपडत बाहेर आल्या.

तीन आठवडे संपले. डॉक्टरांनी आत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "गाठी विरल्यात. बोला. पण बेताने." स्थानकात त्या कामावर परत रुजू झाल्या. त्यांच्या गैरहजेरीत घोषणा झाल्याच नव्हत्या. नियंत्रकसाहेबांनी नुसता खडूने फळा लिहिला होता. इतक्या दिवसांत किती लोकांच्या गाड्या चुकल्या, असं बाईंनी काळजीने विचारलं.

"कुणाच्या कशाला चुकतील?" साहेब म्हणाले. "वाचता येतं की लोकांना."

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या त्या महिनाभराच्या तुंबलेल्या सूचना घेऊनच. आवाज थोडा घोगरा होता, पण आपला होता. सव्वासात वाजले. बाईंनी घसा साफ केला.

"चला, दा—"

"झाले!" आतून दोन आवाज आले.

"लघ—"

"झाली!"

"गोष्ट तरी?"

"ताई वाचतेय."

"अगं मग मी काय करू?" हे बाईंच्या तोंडून अगदी खरंखुरं निघून गेलं. आत कुजबूज झाली. धाकटा बाहेर आला, आईचं बोट धरून त्याने तिला स्टुलापाशी नेलं, बसवलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "तू इथे बस हं." थकल्या आजीला उन्हातल्या खुर्चीत बसवावं, तसा.

बाई बसल्या. आठ वाजायला दहा मिनिटं होती, घर शांत होतं, नवरा घोरत होता. पूर्वी ज्या निवांतपणासाठी त्या टाहो फोडत होत्या, तो पुढ्यात येऊन बसला होता आणि त्याचं काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी घडी केलेले कपडे उलगडून त्यांच्या पुन्हा घड्या केल्या. गार व्हायची वाट पाहून मग जेवल्या. गरम जेवायची सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिकीट खिडकीवरच्या बाईने विचारलं, "मुलांची झोपायची कटकट चालूच का हो?"

"काय सांगू बाई," घोषणाबाई म्हणाल्या, "माझ्याशिवाय डोळा मिटत नाहीत." आणि पूर्वीचाच सुस्कारा, तेवढाच लांब, सोडला. पुढचे पंधरा दिवस त्या बिनदिक्कत हेच सांगत राहिल्या. नणंद येऊन गेली, सगळं पाहून गेली आणि जाताना म्हणाली, "बघ वहिनी, तक्ता कसा लागू पडला!" बाईंच्या घशात चांगला आवाज होता, पण त्यांनी तो वापरला नाही.

मग धाकट्याला ताप आला. बाईंचे दिवस पालटले! त्यांनी रजा टाकली. सदरा त्यांनी घातला, दात त्यांनी घासले, हत्ती आणि बाटली हटवून मधे आडव्या झाल्या, कोल्ह्याला घोगऱ्या आवाजात विहिरीत टाकलं, बाहेर काढलं, पुन्हा टाकलं. चार दिवस मुलगा तापाने फणफणला होता आणि आई, सांगायला बरं दिसत नाही, पण आई खुशीत होती. पाचव्या दिवशी ताप उतरला. दिवसभर तो घरभर उड्या मारत होता. संध्याकाळी सव्वासातला मात्र येऊन समोर उभा राहिला, दोन्ही हात वर.

"घाल."

बाईंच्या हातात सदरा होता. बटणं उघडी होती. ते बारके हात, ती वर झालेली हनुवटी. एक पाऊल पुढे गेलं की झालं, सगळं पूर्वीसारखं. या वेळी तोंडावर डॉक्टरांची बंदी नव्हती आणि हातांवर मांड्याही नव्हत्या. अडवणारं कुणीच नव्हतं. हीच तर पंचाईत होती.

"तुला येतं," बाई म्हणाल्या. सदरा त्यांनी त्याच्या खांद्यावर टाकला.

"मला नाही येत!"

"येतं."

"मी आजारी आहे!"

"दुपारी कपाटावरून उडी मारताना नव्हतास."

त्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. धाकट्याने जमिनीवर अंग टाकलं. दहा मिनिटं तो असा रडला की नवरा झोपेतून उठून दारात आला. "काय झालं गं?"

"काही नाही. बटणं लावतोय," बाई म्हणाल्या. त्यांनी ओट्याची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. गप्प राहणं त्या मानाने सोपं गेलं होतं. ते दुसऱ्याने लादलेलं होतं. हे फार जड जात होतं.

रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं, हुंदके मुसमुसण्यावर. मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही. शेवटी धाकटा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. नाक लाल, पाचही बटणं लावलेली, या वेळी चक्क बरोबर काजांत. पाठ फिरवून गेला आणि दोरी अशी ओढली की ती तुटायचीच राहिली.

सकाळी तो सगळं विसरला होता. बाई विसरल्या नाहीत. स्थानकात तिकीट खिडकीवरच्या बाईने सवयीने विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "झोपतात आता आपापली."

"खरंच?" त्या बाईचा चेहरा जरा उतरलाच. तिला त्या सुस्काऱ्याची सवय झाली होती. "मग तुम्ही काय करता हो त्या वेळात?"

पुढच्या गाडीची वेळ झाली म्हणून घोषणाबाई माइककडे वळल्या. सहाला बाहेर पडताना त्यांनी स्थानकासमोरच्या फळवाल्याकडून एक संत्रं घेतलं. एकच. फळवाल्याने दोनदा विचारलं, "एकच देऊ?"

आठ वाजता आतला दिवा गेला. बाईंनी स्वयंपाकघरात खुर्ची ओढली, बशी घेतली आणि संत्रं सोलायला बसल्या. साल अखंड निघेल असं सावकाश सोललं. पांढरे धागे एकेक करून काढले. कुणाच्या तोंडात घालायची घाई नव्हती, बिया काढून द्यायच्या नव्हत्या. फोडी बशीत गोल मांडल्या आणि पहिली तोंडात टाकली.

"आई," आतून धाकट्याचा आवाज आला, "संत्र्याचा वास येतोय."

"झोप."

"कोण खातंय?"

"मी."

आत जरा वेळ खुसफुस झाली. मग थोरलीने विचारलं, "सगळं?"

"सगळं," घोषणाबाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरी फोड उचलली.